रोजचं पाणी

ही गोष्ट २०३९ सालची. त्या वर्षी जळगावात एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पारा सत्तेचाळीसवर गेला होता, एमआयडीसीतलं डांबर चपलेला चिकटत होतं आणि रावेरकडच्या केळीच्या बागांवर लोकांनी पांढरी कापडं ताणली होती. पण कौतिकबाई तायडेंना ते साल उन्हामुळे लक्षात राहिलं नाही. खरं तेवढंच लिहून खोटं सांगण्याची युक्ती त्यांना त्या वर्षी एका शिकलेल्या माणसाने शिकवायला घेतली, म्हणून ते लक्षात राहिलं.

कौतिकबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी त्या प्लास्टिकच्या शेडमध्ये शिरल्या, त्या अजून तिथेच होत्या. त्यांच्या तरुणपणी इथे जिकडे तिकडे चटईचे कारखाने होते. हिरव्या-जांभळ्या चटयांचे गठ्ठे भरून ट्रक निघायचे, आणि त्या रंगीत दोऱ्याचा चुरा बायकांच्या केसांत असा बसायचा की घरी गेल्यावर लेकरं म्हणायची, आई, आज होळी होती का गं? भंगारातून आलेलं प्लास्टिक निवडणं हे बायकांचं काम. बादली, कॅरेट, तुटकी खुर्ची, शाम्पूची बाटली. हातात घेऊन वाकवायचं, नखाने टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. तरी कळलं नाही तर कोपरा काडीने पेटवून विझवायचा आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर एका ढिगात, केस जळल्यासारखा आला तर दुसऱ्या, आणि नाकाला चावला तर बाहेर. कौतिकबाईंचं नाक सगळ्या एमआयडीसीत माहीत होतं. दुसऱ्या कारखान्यातले लोकसुद्धा कागदात तुकडा गुंडाळून आणायचे, “आक्का, हे काय आहे जरा पाहून द्या बरं.”

त्या काळात एक बरं होतं. वाईट माल लपत नसे. प्लास्टिक म्हणजे आडनाव एक आणि तोंड मात्र एकमेकांचं बघायचं नाही, असं खानदान. दोन जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलं तरी थंड होताना ते वेगळं व्हायला बघतं. वस्तूला पापुद्रे सुटतात, रेघा दिसतात, बोटाने दाबलं की तुकडा पडतो. कारखानदाराने भेसळ केली तर बाजारात चटई स्वतःच त्याची चहाडी करायची.

ती चहाडी २०३५च्या सुमाराला बंद झाली. कुठल्याशा प्रयोगशाळेत एक नवा रेणू तयार झाला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, कारखान्यात सगळे त्याला ‘सांधा’ म्हणायचे. त्याच्या दोन टोकांना दोन हात, एका हाताने एका जातीचं प्लास्टिक धरायचं, दुसऱ्या हाताने दुसऱ्या. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला आणखी हात फोडले, आणि तो कशालाही कशाशीही बांधू लागला. शंभर किलोला मूठभर पुरे. पापुद्रे नाहीत, रेघा नाहीत, वस्तू कशी आरशासारखी गुळगुळीत.

शोध चांगलाच होता. त्याच्या जोरावर निशिकांत वाघुळदे यांनी ‘हरितांश’ कारखाना उभा केला. केळीचा घड उतरवल्यावर जे खोड बांधावर कुजत पडायचं, त्याचा रस काढून आंबवायचा, त्यातून आम्ल काढायचं आणि त्या आम्लाचे कण साखळीसारखे जोडून प्लास्टिक बनवायचं. एकटं ते फार ठिसूळ, म्हणून त्यात बायकांनी निवडलेलं जुनं प्लास्टिक घालायचं आणि सांध्याने बांधायचं. त्यातून शाळांच्या दुपारच्या जेवणासाठी ताटल्या निघायच्या, फिकट हिरव्या, केळीच्या पानासारख्या शिरा काढलेल्या.

हे सगळं एका लांब यंत्रात व्हायचं. जुनं मिक्सर म्हणजे परातीत कणीक मळणं, एक घाणा घाला, मळा, काढा, दुसरा घाला. हे यंत्र म्हणजे शेवयांचा कधीच न थांबणारा साचा. एका तोंडाने माल सारखा आत जात राहायचा, दुसऱ्या तोंडाने सारखा बाहेर. आत पंख असलेले दोन जाड लोखंडी दांडे उलटसुलट फिरायचे, आणि पंख व भिंत यांच्यातल्या बारीक फटीत माल चिरडून, ताणून, स्वतःच्याच घर्षणाने वितळायचा. केळीच्या प्लास्टिकला फार वेळ उष्णता सोसत नाही, म्हणून शिरल्यापासून निघेपर्यंत फक्त चाळीस सेकंद. शेवटच्या टप्प्यावर यंत्राच्या पाठीला एक भोक होतं. तिथून पंप आतली वाफ, धूर, वास, सगळं ओढून घ्यायचा. ते थंड होऊन स्टीलच्या एका भांड्यात जमायचं. बायका त्याला हंडी म्हणायच्या. ती खरवडून धुणं हेही बायकांचंच काम.

यंत्राच्या काचेच्या खोलीत, पॅनेलवर, कौतिकबाईंची सून आम्रपाली बसायची. आयटीआय करून, दोन मुलाखतींतून परत पाठवली गेली तरी तिसऱ्यांदा जाऊन तिने ती खुर्ची मिळवली होती. निवडीच्या शेडमधल्या घरातली बाई पॅनेलवर बसली, तर पहिल्या दिवशी सगळ्या बायका काचेला नाक लावून बघायला आल्या होत्या. कौतिकबाई सगळ्यांत पुढे.

*

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी निशिकांत वाघुळदेंनी कौतिकबाईंना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या वडिलांच्या चटईच्या कारखान्यात कौतिकबाईंनी बारा वर्षं काढली होती. शाळा सुटली की निशिकांत गठ्ठ्यांवर उड्या मारायचा, तेव्हापासून तो त्यांना मावशी म्हणायचा.

“बसा मावशी. एसीत बसा. बाहेर काय भट्टी पेटलीये.”

“मी बसते, पन माझ्या साडीचा धुराळा तुझ्या खुर्चीले लागीन.”

“लागू द्या.” ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “मावशी, खरं सांगा. तुमच्या बाया चुऱ्यावर पाणी मारतात का?”

“मारतो ना. न मारून कसं भागंल? या उन्हात चुरा असा उडतो का डोयात जातो, हाताले चिकटतो, पदराले चिकटतो. डबाभर पानी शिंपडलं का निवांत बसतो. आम्ही आजचं करू ऱ्हायलो का ते? तुझ्या बापाच्या येळेपासून मारतो.”

वाघुळदेंनी ड्रॉवरमधून एक ताटली काढली. मधोमध तडा गेलेली. “नशिराबादच्या शाळेत गरम वरण वाढलं आणि ही फुटली. पोरीच्या मांडीवर वरण सांडलं. असोद्याला एका पोराचा ओठ कापला. नऊ शाळांतून तक्रारी आहेत.”

कौतिकबाईंचा हात तोंडाशी गेला.

“केळीचं प्लास्टिक म्हणजे लांब साखळी,” वाघुळदे सांगू लागले. “कोरडं असलं तर कितीही गरम करा. पण गरम असताना पाण्याचा थेंब लागला, की पाणी कात्रीसारखं ती साखळी कापतं. कापलेल्या साखळीची ताटली दिसते तशीच, पण ठिसूळ. जुन्या मिक्सरला झाकण उघडं असायचं, वाफ निघून जायची. हे बंद यंत्र आहे.”

“मग हे आम्हाले आधी सांगितलं कोनी?”

“शेडच्या भिंतीवर सूचना लावलेली आहे, मावशी.”

“कोन्त्या भाषेत?”

ती पाटी इंग्रजीत होती. कोपऱ्यात पाण्याच्या थेंबावर लाल फुली मारलेलं चित्र होतं, आणि बायकांनी त्याचा अर्थ ‘इथे पिण्याचं पाणी नाही’ असा घेतला होता. दोन वर्षं त्या शेजारच्या कारखान्यातून पिण्याचं पाणी आणत होत्या.

मग वाघुळदेंनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सव्वीस मार्चच्या पाळीत निवड विभागातील महिलांनी चुऱ्यावर पाणी टाकले, त्यामुळे त्या दिवशीच्या चार हजार ताटल्या सदोष निघाल्या, असं त्यात लिहिलं होतं. खाली कौतिकबाईंच्या सहीची जागा.

“शुक्रवारी चौकशीला सरकारी माणूस येतोय. तुम्ही गटाच्या प्रमुख, तुम्ही सही केली की विषय संपला. चार हजार ताटल्या परत घेतो, नव्या देतो. एकाही बाईला काढत नाही, माझा शब्द. आणि आम्रपालीला या महिन्यात शिफ्टची प्रमुख करायचं ठरवलंय.”

कौतिकबाईंनी कागद दोनदा वाचला. त्यात खोटं काही सापडेना. सव्वीस मार्चला पाणी मारलं होतंच. मांडीवर वरण सांडलेली पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“शुक्रवारी सांगते,” त्या म्हणाल्या आणि कागद घेऊन उठल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडी धुण्याची पाळी कौतिकबाईंची आणि निर्मळाबाई सोनवणेंची होती. निर्मळाबाईंची जीभ म्हणजे दाढीचं पातं.

“ही हंडी पंधरा दिवसांनी धुवायची होती ना वं?” निर्मळाबाई म्हणाल्या. “आता दर चार दिवसाले चोंदते. काय खातं हे यंत्र? तुझी सून काय त्याले तंबाखू चारते काय?”

कौतिकबाईंनी झाकण काढलं आणि खरवडणी थांबवली. आत डांबरासारखा चिकट काळा थर होता. आधी असा नसायचा, आधी पिवळसर पाणी आणि थोडं मेण असायचं. त्यांनी खरवडणीच्या टोकावर थोडं घेतलं, काडी ओढली, धरली, विझवली आणि हुंगलं.

गोडसर, मग कडू, आणि शेवटी घशात खिळा ठोकल्यासारखं काहीतरी.

“निर्मळे,” त्या म्हणाल्या, “हे टीव्ही आहेत.”

निर्मळाबाईंच्या तोंडचं हसू गेलं. तो वास त्यांनाही माहीत होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी, २०१२ साली, घरोघरी भिंतीवरचे चपटे टीव्ही आले आणि जुने डबे टीव्ही भंगारात निघाले. त्यांच्या काळ्या पेट्यांचे डोंगर इथे येऊन पडले. पेटीला आग लागू नये म्हणून त्या प्लास्टिकमध्ये एक औषध घातलेलं असे. ते आग थांबवायचं खरं, पण वितळवलं की सुटायचं. एका हंगामात सहा बायकांच्या गळ्याला गाठी आल्या. सिव्हिलमधल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने तेव्हा समजावून सांगितलं होतं, की हे विष घाईने मारत नाही, ते गळ्याच्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि वाढत्या अंगाच्या पोरांना सगळ्यांत जास्त भोवतं. त्याच आठवड्यात कौतिकबाई आणि साठ बायका गेटवर बसल्या. अकरा दिवस. काळी पेटी शेडमध्ये येणार नाही, असं मालकांकडून कबूल करून घेऊनच उठल्या. कबूल करणाऱ्या मालकांत निशिकांतचे वडील पहिले होते.

आणि आता तीच पेटी ताटली होऊन शाळेत गेली होती. सांध्याने ती अशी बांधली होती की डोळ्याला दिसू नये, आणि पंपाने वास असा ओढून घेतला होता की नाकाला कळू नये. कळलं होतं ते फक्त या हंडीला, आणि हंडी धुणाऱ्या बायकांना विचारतो कोण?

कौतिकबाईंनी लोणच्याची रिकामी बरणी आणली आणि तो काळा लगदा त्यात भरला.

*

त्या संध्याकाळी घरी आम्रपाली कळण्याच्या भाकरी थापत होती. तिचा नवरा ट्रक घेऊन इंदूरकडे गेला होता. कौतिकबाईंनी बरणी ओट्यावर, पिठाच्या शेजारी ठेवली.

“हे काय आत्याबाई? स्वयंपाकात कशाला आणलं?”

“तुले माहीत आहे का हे काय आहे?”

आम्रपालीने भाकरी तव्यावर टाकली. पाठमोरीच म्हणाली, “माहीत आहे.”

कौतिकबाईंना वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मग रागवायला सोपं गेलं असतं.

“कधीपासून?”

“जानेवारीपासून. पॅनेलवर मिश्रणाची कृती येते. त्यात एक नवी ओळ आली, ‘काळा चुरा, बारा टक्के’. मी विचारलं हा कुठला. तर म्हणाले, मोटारींचे भाग. माल थेट बाहेरून पोत्यांत दळूनच येतो, तुमच्या शेडमध्ये येतच नाही. मला कळलं होतं. मी विचारलं नाही पुन्हा.”

“का नाही विचारलं?”

“कारण मी पॅनेलवर आहे!” आम्रपाली वळली. “त्या खुर्चीसाठी मी किती वेळा मागे फिरले तुम्हाला माहीत आहे. पुरुष चुकला तर म्हणतात यंत्र बिघडलं. मी नुसता प्रश्न विचारला तर म्हणतील, शेडमधली बाई ती शेडमधलीच. मला वाटलं, बाराच टक्के.”

“ताटलीत बाराच टक्के. पन पोर रोज जेवते ना त्या ताटलीत. गरम वरन, चिंचेचं सार, तेलाची फोडनी. जे गरम, आंबट, तेलकट, ते त्याले बाहेर ओढते. आपल्या घरात लोनच्याले स्टीलचा डबा का नाही चालत, ते तुले मी शिकवलं ना?”

भाकरी जळायला लागली. दोघींपैकी कोणीच ती उलटली नाही.

थोड्या वेळाने आम्रपाली हळू आवाजात म्हणाली, “आणि तडे तुमच्या पाण्याने गेले नाहीत. म्हणजे, पाण्यानेच गेले, पण पाणी तुम्ही दोन वर्षं रोज मारताय. पंप ते ओढून घ्यायचा. मार्चमध्ये या डांबराने हंडी चोंदली, पंपाची ओढ गेली, म्हणून पाणी आत राहिलं. पॅनेलवर आकडा उतरताना मी बघितलाय. साहेबांनाही दाखवला होता.”

कौतिकबाई खालीच बसल्या. म्हणजे निशिकांतला सगळं ठाऊक होतं. एकाच दिवसाचं पाणी लिहून घ्यायचं, चार हजार ताटल्या परत आणायच्या, हंडी धुऊन घ्यायची आणि उरलेल्या सहा लाख ताटल्या पोरांपुढे तशाच ठेवायच्या. आणि ते सगळं झाकायला सही कोणाची, तर ज्या बायका गेटवर अकरा दिवस बसल्या त्यांची!

“तू शुक्रवारी हे सांगशील?” त्यांनी विचारलं.

आम्रपालीने गॅस बंद केला.

*

चौकशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच भरली. टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. चौकशी अधिकारी रशीद तडवी, पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, रुमालाने सारखी मान पुसत होते. एका बाजूला वाघुळदे आणि त्यांचे तरुण इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला निवडीच्या तीस-पस्तीस बायका. आम्रपाली दाराशी उभी होती, पाळीचा निळा कोट अंगात.

कौतिकबाईंनी आल्याआल्या बरणी टेबलावर ठेवली आणि ती कुठली, त्यात काय आहे, ते सांगितलं.

तडवींनी बरणी उचलून उजेडात धरली. त्यांनी ती लगेच खाली ठेवली नाही, हे कौतिकबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

“बाई, हा नमुना मी घेऊ शकत नाही,” ते म्हणाले. “नमुना घ्यायचा तर अधिकाऱ्याने, साक्षीदारांसमोर, सीलबंद. ही लोणच्याची बरणी आहे.”

“यात कुठलीही घाण असू शकते,” वाघुळदे शांतपणे म्हणाले. “मावशींचा माझ्यावर राग असेल, मी समजू शकतो.”

“मंग आता चला नं साहेब, हंडीतलंच घ्या.”

“हंडी काल बदलली. जुनी स्क्रॅपला गेली,” वाघुळदे म्हणाले.

कौतिकबाईंनी दाराकडे बघितलं. आम्रपाली जमिनीकडे बघत होती. ती बोलणार नाही, हे त्यांना त्या एका नजरेत कळलं. पण रडायला वेळ नव्हता.

“बरं,” तडवी म्हणाले, “माझ्या चौकशीचा विषय तडे गेलेल्या ताटल्यांचा आहे. कंपनी म्हणते, सव्वीस मार्चला महिलांनी पाणी टाकलं. हे खरं आहे का?”

“खरं आहे,” कौतिकबाई म्हणाल्या.

बायकांत कुजबुज झाली. निर्मळाबाई मोठ्याने म्हणाल्या, “अवं आक्के, येडी झाली का?”

“पन अर्धं खरं आहे साहेब. पूरं लिहून घ्या.” कौतिकबाई उभ्या राहिल्या. “पानी सव्वीस मार्चले मारलं. पंचवीसलेही मारलं. सत्तावीसले मारलं. यंत्र बसलं त्या दिवसापासून, दोन वर्षं, रोज, दोन्ही पाळ्यांत. एक दिवस नागा नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशीबी मारलं. पाहिजे तर या साऱ्या बायांले विचारा. कंपनीच्या म्हनन्यावरून पान्यानं ताटली बाद होत असंन, तर आजवर इथून निघालेली एकूनएक ताटली बाद आहे. तेवढ्या साऱ्या परत मागवा.”

बायकांनी माना डोलावल्या.

तडवींनी पेन थांबवलं. “रोज पाणी पडत होतं? मग तडे मार्चमध्येच का गेले?”

“ते काही मले शिकलेल्या बाईसारखं सांगता येनार नाही. कंपनीच्या साहेबांले विचारा.”

तरुण इंजिनिअर उत्साहाने पुढे सरकला. “सर, ॲक्च्युअली रोजच्या पाण्याने काही होत नाही, कारण व्हॅक्यूम...”

वाघुळदेंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

तडवींनी ते पाहिलं. “व्हॅक्यूम? काय झालं व्हॅक्यूमला?”

वाघुळदे अडकले. पंप पाणी ओढून घेतो म्हणावं, तर मार्चमध्ये का ओढलं नाही हे सांगावं लागणार. हंडी चोंदली म्हणावं, तर कशाने चोंदली हे सांगावं लागणार, आणि कालच फेकलेल्या हंडीचा शोध निघणार. त्यांनी आधी त्या बरणीकडे पाहिलं. मग त्यांनी कौतिकबाईंकडे पाहिलं. गठ्ठ्यांवर उड्या मारताना पडलेला मुलगा जसा बघायचा, तसंच. पण या वेळी त्यांना उचलायला कौतिकबाई पुढे झाल्या नाहीत.

“काही झालं नाही व्हॅक्यूमला,” वाघुळदे अखेर म्हणाले. “महिलांनी रोज पाणी टाकलं असेल, तर... तर कंपनी सगळा माल सदोष मानायला तयार आहे. आम्ही सगळ्या ताटल्या परत घेऊ. मुलांच्या सुरक्षिततेपुढे काहीच मोठं नाही.”

“दोष कोणाचा लिहू?” तडवींनी विचारलं.

“निवड विभागाचा,” वाघुळदे म्हणाले. “निष्काळजीपणा.”

“लिव्हा,” कौतिकबाई म्हणाल्या. “पन ताटल्या आठ दिवसांत उचला. एकबी ऱ्हायली नाही पाहिजे.”

टाइप केलेला कागद त्यांनी फाडला आणि कोऱ्या कागदावर आपल्या हाताने, मोठ्या अक्षरांत, ‘दोन वर्षे, रोज, दोन्ही पाळ्यांत’ असं लिहून सही केली. बाहेर पडताना निर्मळाबाईंनी त्यांचा दंड धरला.

“साऱ्या बायांच्या डोक्यावर खापर फोडलं तुनं! आता आपल्याले कोन उभं करंल?”

“कोनी नाही करनार,” कौतिकबाई म्हणाल्या. “मले माहीत व्हतं.”

*

आठ दिवसांत सहा लाख ताटल्या शाळांमधून उचलल्या गेल्या. मुलं पुन्हा स्टीलच्या ताटलीत जेवू लागली, आणि घासताना आवाज फार होतो म्हणून स्वयंपाकीणबाया कुरकुरू लागल्या.

निवडीच्या बायकांचा गट काळ्या यादीत गेला. पुढची तीन वर्षं एमआयडीसीत त्यांना कोणी दारात उभं केलं नाही. निर्मळाबाई लेकीकडे भुसावळला गेल्या आणि तिथे पापडाच्या कारखान्यात लागल्या. कौतिकबाईंशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत. मग एका लग्नात समोरासमोर आल्या, आणि पहिलंच वाक्य असं होतं, “तुझ्या सुनेनं यंत्राले तंबाखू चारली आनि तोंड आपलं कायं झालं.” त्यावर दोघी मांडवात बसून इतक्या हसल्या की लोक बघायला लागले.

निशिकांत वाघुळदेंचं मात्र कौतुक झालं. जबाबदारीने माल परत घेणारा उद्योजक म्हणून त्यांचा फोटो छापून आला. ते यंत्र त्यांनी विकलं, ते आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावाने चालतं आणि बागेतली बाकडी बनवतं असं म्हणतात. त्या बाकड्यांत काय आहे ते सांध्यालाच माहीत.

रशीद तडवींनी अहवालाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती, ‘निर्वात पंप बंद पडण्याचे कारण तपासावे.’ अहवाल टाइप झाला तेव्हा ती ओळ त्यात नव्हती. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

आम्रपालीने शिफ्टच्या प्रमुखपदाचं पत्र घेतलं नाही आणि सहा आठवड्यांनी पॅनेलची खुर्चीही सोडली. घरात सासू-सुनेत तेव्हा कामापुरतंच बोलणं होतं, ‘पाणी आलं’, ‘पीठ संपलं’, एवढंच. दिवाळीनंतर एका सकाळी तिने कौतिकबाईंपुढे कागदांची एक चळत ठेवली. जानेवारीपासूनच्या सगळ्या मिश्रणांच्या कृती, तारखेसह. तिने त्या चौकशीच्या आधीच छापल्या होत्या आणि नंतर गव्हाच्या कोठीमागे दडवल्या होत्या.

“हे शुक्रवारी माझ्याजवळ होतं,” ती म्हणाली. “कोटाच्या खिशात.”

कौतिकबाईंनी पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, “चहा ठेव. वाचून दाखव मले.” आम्रपाली आता आयटीआयमध्ये शिकवते, आणि नव्या पोरींना पॅनेलच्या आधी महिनाभर शेडमध्ये बसवते.

ती चळत जोडून कौतिकबाईंनी चौकशी पुन्हा उघडण्याचा अर्ज केला. उत्तर आलं, माल परत घेतला गेला आहे, दोष निश्चित झाला आहे, विषय बंद करण्यात आला आहे. त्यांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आलं. आता त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, नाक पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आणि नुकताच त्यांनी बारावा अर्ज पाठवला. आम्रपाली म्हणाली, या वेळी मी मुद्देसूद टाइप करून देते. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हाताने लिहिला, दोनच ओळींचा:

‘पाणी आमचं होतं, ते आम्ही लिहून दिलं. टीव्ही कोणाचे होते, ते आता तुम्ही लिहा.’